लेझर प्रिंटर मध्येच रुसतो, बंद-चालू केला की सगळ्यांचं एकदम बाहेर

काउंटरवाली:
पतसंस्थेत कॅशियर आहे. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं" असं मॅनेजर एकदा म्हणाले आणि तेव्हापासून प्रिंटर माझ्या गळ्यात. नऊ मशीन आहेत: सहा विंडोजची, दोन जुनी, ज्यांवर भाच्याने उबंटू (विंडोजऐवजी चालणारं फुकट लिनक्स) टाकून दिलंय, आणि चेअरमनसाहेबांचा मॅकबुक. सगळ्यांत मिळून एकच लेझर, केबलने नेटवर्कच्या स्विचला जोडलेला. पासबुकाचा डॉट मॅट्रिक्स वेगळा. त्याची तक्रार नाही, तो बिचारा करकरत चालतो.

पंधरा दिवसांपासून लेझर दिवसातून दोन-तीनदा गप्प बसतो. पिवळा दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर येतं, ट्रे १ मध्ये कागद घाला. ट्रे भरलेला असतो हो! शिपाईमामा ट्रे काढतात, आपटतात, परत घालतात. तोवर कर्ज, वसुली, सगळे पुन्हापुन्हा प्रिंट मारत राहतात. शेवटी मी बटण बंद-चालू करते, मग एकाच थकबाकी यादीच्या पाच प्रती पडतात. परवा एका खातेदाराची एफडीची पावती वसुलीच्या नोटिशींत जाऊन बसली. एक मेकॅनिक रोलर पुसून ४०० रुपये घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तेच.

बंड्या_आयटी:
स्पूलर, म्हणजे विंडोजमधली प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस, तुंबलाय. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये स्पूल, त्यात प्रिंटर्स, त्या फोल्डरच्या आतलं सगळं उडवा (फोल्डर नको), सर्व्हिस पुन्हा सुरू करा. आणि राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करा.

काउंटरवाली:
आयपी पक्काच आहे. स्पूलर सहाही मशीनचे रविवारी येऊन साफ केले. सोमवारी अकराला पुन्हा पिवळा दिवा.

टोनरदादा:
ताई, स्क्रीनवर "कागद घाला"च्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. पैज लावतो, 'लेटर' असणार.

लेटर म्हणजे अमेरिकेतला कागद, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ २१० बाय २९७. ट्रे ए४चा म्हणून नोंदलेला असतो. कुणाच्या तरी मशीनवरून लेटर मापाचं काम आलं की प्रिंटर म्हणतो, हा कागद माझ्याकडे नाही, आणि वाट बघत बसतो. मागचे सगळे रांगेत. तुमची नऊही मशीन ९१०० पोर्टवर, म्हणजे मध्ये कुणी न ठेवता, थेट प्रिंटरशी बोलत असतील, तर प्रत्येकाची रांग आपापल्या मशीनवर. म्हणून अडवणारा कोण, हे कुणालाच दिसत नाही. तुम्ही बटण बंद केलं की त्याचं काम प्रिंटरच्या मेमरीतून पुसलं जातं आणि बाकीच्यांची गाडी सुटते. तो मात्र म्हणतो, अरे माझं आलंच नाही, आणि पुन्हा मारतो.

ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी टाका. बऱ्याच मॉडेलमध्ये कामांची यादी मिळते, कुठल्या मशीनवरून आलं त्याच्यासकट.

लिनक्सभक्त:
मूळ दुखणं नऊ रांगांचं आहे. एका उबंटू मशीनवर कप्स (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम) लावून तोच प्रिंटर शेअर करा, सगळ्यांनी तिथेच पाठवायचं. ब्राउझरमध्ये त्या मशीनचा ६३१ पोर्ट उघडला की अडकलेलं काम समोर, तिथूनच रद्द करता येतं. मॅकमध्ये कप्स आधीपासून असतंच, त्यामुळे तो लगेच जुळतो.

काउंटरवाली:
टोनरदादा, पाया पडते. स्क्रीनवर 'एलटीआर' होतं, मी ते मॉडेलचं नाव समजत होते!

यादी उघडली. पहिला गुन्हेगार माझ्याच शेजारचं उबंटू मशीन. भाच्याने इन्स्टॉल करताना प्रदेश अमेरिका ठेवलेला, त्यामुळे कागद आपोआप लेटर. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए४ केलं, पण रायटरमधल्या (उबंटूवरचं वर्डसारखं) जुन्या फायली लेटरच्याच राहिल्या. पेज स्टाइलमध्ये जाऊन एकेक बदलतेय.

लिनक्सभक्त, तुमचं पटतंय, पण संध्याकाळी मामा मेन स्विचच पाडतात. सकाळी ते एक मशीन उठलं नाही तर नऊ जणांचं प्रिंट बंद आणि शिव्या मला. सध्या नको.

दुसरा गुन्हेगार चेअरमनसाहेबांचा मॅकबुक. कुठून तरी उतरवलेल्या पीडीएफ लेटर मापाच्या असतात. आता त्यांना कोण सांगणार?

टोनरदादा:
सांगूच नका. प्रिंटरच्या मेनूत कागदाच्या सेटिंगमध्ये 'ए४/लेटर ओव्हरराइड' असं काही आहे का बघा. चालू केलं की लेटर आलं तरी तो निमूट ए४वर छापतो. पानाच्या कडेला मजकूर असेल तर थोडा कापला जाईल, एवढंच. सगळ्या मॉडेलमध्ये नसतं.

काउंटरवाली:
आहे! चालू केलं. चार दिवस झाले, पिवळा दिवा नाही. साहेबांच्या पानांची उजवी कड जराशी जाते, पण अजून विचारलं नाही त्यांनी.

आता एक नवीनच. नोटिशी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. उबंटूवरून छापल्या की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. हाही कागदाचाच प्रकार का?

बंड्या_आयटी:
नाही, तो फॉन्ट त्या मशीनवर नाही. ज्या विंडोज मशीनवर टाइप होतं तिथूनच पीडीएफ करा, फॉन्ट आत घालून, आणि ती छापा. यापुढचं टायपिंग युनिकोडमध्ये (प्रत्येक मशीनला कळणारी अक्षरांची पद्धत) करा. वर स्पूलर म्हणालो ते चुकलं माझं, ताई.