व्हीआर म्हणजे चष्माच असं नाही

व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी, संगणकानं उभं केलेलं आभासी जग. ते दाखवणाऱ्या चष्म्यानं गरगरून म्हातारी माणसं पडतील, म्हणून व्हीआर पार्किन्सन्सवाल्यांच्या (हालचाली अडवणारा मेंदूचा आजार) कामाचं नाही, असं काही जण म्हणतात. भीती रास्त आहे, पण त्यासाठी सगळंच बाद नका करू. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ३०२ जणांच्या चाचणीत चष्मा नव्हताच. पार्किन्सन्सचे रुग्णही त्यात होते. ट्रेडमिलवर चालायचं, समोर पडद्यावर आपलीच पावलं दिसणार, वाटेत अडथळे येणार, ते ओलांडायचे. नुसत्या ट्रेडमिलवाल्यांपेक्षा ही मंडळी पुढच्या सहा महिन्यांत तोल जाऊन बरीच कमी वेळा पडली.

डोळ्यांना खूण मिळाली की पाऊल सुटतं, हे आम्ही सांगलीत घरीच बघतोय. आमच्या अण्णांना पार्किन्सन्स आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मागून "चला, चला" म्हटलं की आणखीच. फिजिओथेरपिस्ट बाईंनी शहाबादी फरशीवर पावलापावलाच्या अंतरानं आडव्या पिवळ्या पट्ट्या चिकटवायला सांगितल्या. आता अण्णा पट्टी बघतात आणि ती ओलांडायला पाय उचलतात. या आजारात डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी पडल्यानं आपोआप चालण्याची यंत्रणा अडते, पण डोळ्यासमोरची खूण मेंदूला दुसरी वाट देते. फरशीच्या नुसत्या सांध्यांवर मात्र त्यांचं भागत नाही, रंग ठळकच लागतो. आणि सराव पार्किन्सन्सच्या गोळीचा असर असतानाच घ्या, शेजारी कुणीतरी उभं राहून.