मदत हवी आहे: आजोबांच्या घड्याळावरचं नाव कुणाचं?

मंडळी, माझे आजोबा डिचोलीच्या खाणीवर कारकून होते. १९५८ साली पणजीत घेतलेलं त्यांचं किल्लीचं मनगटी घड्याळ आता माझ्याकडे आलंय. तबकडीवरचं नाव झिजलंय, शेवटची 'ओ-एल-टी-ए' एवढीच अक्षरं लागतात. त्याखाली 'आंतीमाग्नेतिको' (चुंबकाचा परिणाम न होणारं), म्हणजे माल पोर्तुगीज, स्पॅनिश नाहीतर इटालियन बोलणाऱ्या बाजारासाठी छापलेला.

म्हापशाच्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी पाठ उघडून दाखवली. बॅलन्स चाकाखाली 'एएस' आणि ११३० असं कोरलंय. म्हणजे यंत्र स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंचेनच्या ए. शील्ड कारखान्याचं. पण तिथेच गाडं अडतं. हा कारखाना तयार यंत्रं असंख्य लहानमोठ्या घड्याळवाल्यांना विकायचा, आणि ते आयातदार सांगेल ते नाव तबकडीवर छापून द्यायचे. त्यामुळे हे नाव स्वित्झर्लंडमधल्या कंपनीचं, लिस्बनच्या व्यापाऱ्याचं की आपल्या पणजीतल्याच दुकानदाराचं, काहीही असू शकतं. भारताने केलेल्या १९५५च्या नाकेबंदीनंतर गोव्यात परदेशी माल किती उतरत होता, हे घरातल्या जाणत्यांना आठवत असेलच.

कुणाच्या घरी अशाच शेवटाच्या नावाचं घड्याळ, डबी किंवा पावती आहे का? आणि पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात 'ओ हेराल्दो' या पोर्तुगीज दैनिकाचे त्या काळातले अंक कुणी चाळलेत का? घड्याळांच्या जाहिराती कोणत्या पानावर येत, एवढं कळलं तरी मी पुढच्याच शनिवारी जाऊन बसेन. तबकडी पुन्हा रंगवून घ्या असं सांगू नका, ती आहे तशीच ठेवायचीय.