मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स: सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ (सांगली): वेल्सच्या या बँडची एकदोन गाणी ऐकलीत. १९९२ पासून अल्बम येतायत, कुठून धरू? आणि गिटारवाला गायब झाला म्हणतात, ते खरंय का?

मिरजेचा_तंबोरा: खरंय. रिची एडवर्ड्स. १ फेब्रुवारी १९९५ ला लंडनच्या हॉटेलातून निघाला, तो सापडलाच नाही. २००८ मध्ये कायद्याने मृत ठरवलं. गिटार त्याला बेताचीच यायची, पण बँडच्या बेसवाल्या निकी वायरबरोबर गाण्यांचे शब्द तो लिहायचा. 'द होली बायबल' (१९९४) मधले बहुतेक शब्द त्याचेच. पण भावा, त्याने सुरुवात नको, फार जड आहे ते.

'एव्हरीथिंग मस्ट गो' (१९९६) लाव. उरलेल्या तिघांचा पहिला अल्बम. त्यातल्या 'अ डिझाइन फॉर लाइफ'ची सुरुवातच वाचनालयांपासून होते! पोरं ब्लॅकवुडची, कोळसा खाणींच्या पट्ट्यातली. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप बघत वाढलेली. आपल्याकडं साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. मी कामावर असताना हेच लावतो, तारा जुळवताना मात्र बंद.

राजवाडा_सातारा: २००१ ला क्युबात, हवानाला वाजवलं तेव्हा तिथला नेता फिडेल कॅस्ट्रो स्वतः ऐकायला आलेला, ते राहिलं की.

मिरजेचा_तंबोरा: हो, पण त्या वेळचा अल्बम फार लांबलाय राव. त्यापेक्षा २००९ चा 'जर्नल फॉर प्लेग लव्हर्स' ऐका, सगळे शब्द रिचीने मागं ठेवलेले.

कृष्णाकाठ: १९९६ वाला लावलाय. ढोल भारी वाजवतोय कोण?

मिरजेचा_तंबोरा: शॉन मूर. गायक जेम्सचा चुलत-मावसभावांपैकी कुणीतरी, एकाच घरात वाढलेत. ट्रम्पेटही वाजवतो गडी.