श्रीमंती रोग घालवते की नुसते बदलते?

उंटावरचा शहाणा:
मधुमेह, हृदयविकार म्हणजे विकासाने गळ्यात बांधलेली धोंड, असं हल्ली जो तो म्हणतो. मला ही ओरड पटत नाही. साथरोगतज्ज्ञ अब्देल ओमरान यांनी १९७१ मध्येच क्रम मांडला होता: आधी दुष्काळ आणि साथी, मग साथी ओसरतात, शेवटी हृदयविकार-कर्करोगासारखे सावकाश पोखरणारे आजार. कशाने तरी मरायचंच, तर पंचविशीत क्षयाने जाण्यापेक्षा पंचाहत्तरीत हृदयविकाराने गेलेलं काय वाईट? इंग्लंडमध्ये क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन यायच्या कितीतरी आधीपासून क्षयाचे मृत्यू घटत होते. ब्रिटिश वैद्यक-इतिहासकार टॉमस मॅककीओन यांनी त्याचं श्रेय सुधारलेल्या आहाराला दिलं. पैसा आला, पोटं भरली, क्षय हटला.

गटारप्रेमी:
मॅककीओन यांना पुढच्या इतिहासकारांनी चांगलंच झोडपलंय, ते सोयीस्कर विसरलात. पैसा तर इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या मँचेस्टरमध्येही धो धो येत होता. सार्वजनिक स्वच्छतेचे ब्रिटिश पुरस्कर्ते एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात तिथल्या मजूर कुटुंबांतलं मृत्यूचं सरासरी वय १७ आहे. रटलंड या ग्रामीण परगण्यातल्या मजुरांचं ३८. गिरण्यांनी संपत्ती आणली, सोबत कॉलरा आणि विषमज्वरही पोसला. फरक पडला तो नगरपालिकांनी कर लावून नळ आणि गटारं घातली तेव्हा. पैसा कुठे घालायचा यावर आधी भांडणं व्हावी लागली.

आकडेमोड:
थांबा. मृत्यूचं सरासरी वय म्हणजे आयुर्मान नव्हे. जिथे तरुण जोडपी आणि तान्ही मुलं जास्त, तिथे हा आकडा आपोआप खाली येतो. कारखान्यांच्या शहरात तेच होतं.

गटारप्रेमी:
त्याच मँचेस्टरमधल्या सधन वर्गाचा आकडा ३८ होता. सगळी तफावत वयावर ढकलता येणार नाही. (वर्गागणिक जन्मदर वेगळा असतो, हे तुम्ही म्हणायच्या आधीच लिहून टाकतो.)

कुंपणावरून:
स्वच्छतेला तुम्ही सगळेच फार सोवळी समजताय. पोलिओ बघा. पूर्वी मूल तान्हेपणीच, आईकडून आलेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं अंगात असताना या विषाणूच्या तावडीत सापडायचं आणि बहुतेकदा निभावून जायचं. पाणी-शौचालयं सुधारली तसा संसर्ग उशिरा होऊ लागला आणि पांगळेपण वाढलं. अमेरिकेतल्या १९१६ आणि १९५२ च्या मोठ्या साथी या सुधारलेल्या काळातल्याच. १९५५ मध्ये लस आली म्हणून सुटले.

उंटावरचा शहाणा:
आणि लस काय झाडाला लागली होती?

गटारप्रेमी:
शोधायला श्रीमंत देश लागला असेल, टोचायला नाही. १९८० मध्ये देवीचं उच्चाटन जाहीर झालं तेव्हा अर्धं जग गरीबच होतं. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांनी १९७५ मध्ये दाखवलं की तेवढ्याच उत्पन्नात १९६० च्या दशकातला माणूस १९३० च्या दशकातल्यापेक्षा जास्त जगत होता. बाकी तुमची ती पंचाहत्तरी: असंसर्गजन्य आजारांनी सत्तरीच्या आत दगावणाऱ्या पाचांपैकी चारजण अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असतात.

आकडेमोड:
जगाची लोकसंख्याही साधारण त्याच प्रमाणात तिथे राहते! यातून एवढंच दिसतं की हे आजार श्रीमंतांची मक्तेदारी नाहीत. मला खटकतो तो ओमरान यांचा एकामागून एक टप्प्यांचा हिशेब. मधुमेहींना क्षय होण्याचा धोका दोन-तीन पट असतो. अशा रुग्णाला कुठल्या टप्प्यात बसवणार?

उंटावरचा शहाणा:
कुठल्याच नको. पण अमेरिकेत हृदयविकाराचा मृत्युदर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून उतरत गेला: सिगारेटी कमी झाल्या, रक्तदाबावर गोळ्या आल्या. म्हणजे तो टप्पाही शेवटचा नव्हता. जन्मभर पुरतील इतक्या गोळ्या पैशाशिवाय कुठून येणार, ते गटारप्रेमींनी सांगावं.