ऑफिसच्या फायरवॉलला भोक पाडून घरी कॉल केला. चूक कोणाची?

परळकर
ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या टॉवरमध्ये. मजला सोळावा, पण माझी जागा मधोमध, लिफ्टच्या भिंतीला चिकटून. मोबाईलला एक काडी आली तर नशीब. वायफाय आहे, पण त्यातून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ऑफिसची फायरवॉल ठरवते. व्हॉट्सॲपचा मेसेज लगेच येतो. कॉल मात्र वाजतो आणि मरतो. मागच्या महिन्यात आई सांगलीला ॲडमिट होती. भावाचा कॉल वाजायचा, मी उचलायचो, स्क्रीनवर ‘कनेक्ट होत आहे’ आणि मग टुक टुक टुक. खाली जाऊन बोलून परत यायचं म्हणजे लिफ्टच्या रांगेसकट वीस मिनिटं.

शेजारच्या पोराने एक व्हीपीएन टाकून दिलं, म्हणजे सगळं कूटबद्ध करून बाहेरच्या सर्व्हरमार्गे नेणारा बोगदा, ४४३ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटचा क्रमांक दिलेला दरवाजा) जाणारा. कॉल लख्ख लागला. आठ दिवसांनी दोघांनाही मेमो. माझं म्हणणं एवढंच, की घरी पाच मिनिटं बोलता येत नसेल तर माणूस भोक पाडणारच. ज्यांनी भिंत बांधली त्यांनी याचा विचार आधी करायचा.

पोर्टबंद
चूक तुमची. १४ वर्षं हीच भिंत बांधायचं काम करतो, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे.

आधी कॉल का मरतो ते ऐका. रिंग आणि मेसेज वेगळ्या वाटेने येतात, ब्राउझरची वेबसाईट येते त्याच ४४३ वरून. आवाज जातो यूडीपीवरून, म्हणजे पोचपावतीची वाट न बघता पाठवायच्या पद्धतीने, दुसऱ्याच पोर्टांवर. आमचा नियम ‘ठरवलंय तेवढंच बाहेर, बाकी बंद’. म्हणून फोन वाजतो, आवाज अडतो. तुमच्या आईशी कुणाचं वैर नाही.

आता व्हीपीएन. तुम्ही आत कॉल करत होतात की क्लायंटची फाईल बाहेर पाठवत होतात, मला बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार १८० दिवसांचे लॉग, म्हणजे नेटवर्कच्या नोंदी, ठेवायचे आणि काही घडलं तर सहा तासांत कळवायचं. तुमच्या बोगद्याबद्दल मी काय कळवू? ‘आत काय होतं माहीत नाही, पण मुलगा सज्जन आहे’?

सीप्झ_रात्रपाळी
पोर्टबंद, मग क्लायंटबरोबर टीम्सवर दोन-दोन तास मीटिंग चालते ती कशी? तोही आवाजच ना? तोही यूडीपीच ना?

पोर्टबंद
हो. टीम्ससाठी ३४७८ ते ३४८१ ही यूडीपी पोर्टं आणि मायक्रोसॉफ्टचे ठराविक पत्ते, एवढंच उघडतो. कुठे जातंय ते माहीत असतं.

सीप्झ_रात्रपाळी
म्हणजे उघडता येतं. कामाला उघडलं, घराला नाही. मग ‘सुरक्षा, सुरक्षा’ म्हणू नका, ‘आमची इच्छा नाही’ म्हणा. रात्री अडीच वाजता अमेरिकेचा क्लायंट माझा आवाज ऐकतो आणि माझ्या मुलीचा ताप किती ते मला सकाळी पार्किंगमध्ये कळतं.

फोर्टातला_जुना
पोरांनो, ही भांडणं नवी नाहीत. आमच्या फोर्टातल्या ऑफिसात काळा डायलवाला फोन होता आणि डायलच्या भोकात इवलंसं कुलूप. किल्ली हेडक्लार्ककडे. आम्ही काय करायचो, रिसीव्हर उचलून ज्या बटणावर तो बसतो ते टकटक दाबायचो. पाच आकड्याला पाच वेळा, मग क्षणभर थांबायचं, मग पुढचा आकडा. शून्याला दहा! डायल फिरून लाईन तोडते-जोडते, तेच आम्ही बोटाने करायचो. दादरला घरी नंबर लागायचा. हेडक्लार्कला शेवटपर्यंत कळलं नाही, की कळून गप्प बसले, देव जाणे. परळकरांच्या बाजूने मत.

पोर्टबंद
काका, किस्सा झकास. पण तुमच्या टकटकीतून फार तर एका लोकल कॉलचे पैसे जायचे. त्या तारेतून कुणी आत येऊन अकाउंट्सचं कपाट उघडत नव्हतं. फुकटचं व्हीपीएन कोण चालवतं, कुठून चालवतं, परळकरांना माहीत आहे का?

परळकर
नाही माहीत. हे मान्य.

आसनगाव_स्लो
मला दोघांचंही पटत नाही, कारण ४४३ मधून कोंबलेला कॉल मुळात चांगला चालतच नाही. आवाजाची दर २० मिलिसेकंदांची एक पुडी (पॅकेट), सेकंदाला ५०. यूडीपीत एखादी हरवली तर हरवली, एखादं अक्षर खरखरतं. टीसीपीत, म्हणजे ४४३ वरच्या या बोगद्याच्या पोचपावतीवाल्या पद्धतीत, मात्र हरवलेली पुडी परत येईपर्यंत मागच्या सगळ्या खोळंबतात. म्हणजे कल्याणला एक माणूस चढायचा राहिला म्हणून अख्खी लोकल उभी! आधी शांतता, मग सगळं एकदम भडाभडा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सुरळीत मानतात. गर्दीच्या वायफायवर बोगद्यातून ते सांभाळणं कठीण. परळकरांचा लख्ख लागला, तर तेव्हा नेट रिकामं असणार.

मूळ रोग वेगळाच आहे. सोळाव्या मजल्यावर मोबाईलला रेंज नाही, हा रोग. त्याचं बोला.

सीप्झ_रात्रपाळी
लॅमिंग्टन रोडला मोबाईलचा सिग्नल वाढवणारा बूस्टर मिळतो. खिडकीला लावायचा, विषय संपला.

पोर्टबंद
विषय तिथे सुरू होतो. परवान्याशिवाय बूस्टर लावणं बेकायदा आहे. तो आजूबाजूच्या टॉवरला त्रास देतो आणि अख्ख्या गल्लीचे कॉल तुटतात. हे नकोच.

आसनगाव_स्लो
वायफाय कॉलिंग का नाही? एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. ॲप नको, व्हीपीएन नको. साधा नंबर लावायचा, फोन वायफायवरून थेट कंपनीच्या दारात जातो. लागतात फक्त दोन यूडीपी पोर्टं, ५०० आणि ४५००. पोर्टबंद, तुम्ही ती उघडता का?

पोर्टबंद
उघडत नाही. तोही कूटबद्ध बोगदाच, आयपीसेक नावाच्या पद्धतीचा. आतलं मला दिसत नाही.

आसनगाव_स्लो
पण पलीकडचं टोक मोबाईल कंपनीचं आहे, कुणा अनोळखी सर्व्हरचं नाही. टीम्सच्या बाबतीत तुम्हीच म्हणालात, कुठे जातंय ते माहीत असतं. पाहुण्यांच्या वायफायवर उघडा, कामाचं नेटवर्क वेगळं ठेवा. अकाउंट्सच्या कपाटाला हातही लागत नाही.

पोर्टबंद
...पाहुण्यांच्या वायफायवर चालेल. सरसकट सगळीकडे नाही. डीलिंग रूमसारख्या जागी तर अजिबात नाही, तिथे सौद्याचे फोन रेकॉर्ड करावे लागतात आणि मोबाईल दाराशीच ठेवून घेतात. पण परळकरांसारख्या मजल्यावर चालेल. आणि हे आमच्यातल्या कुणी स्वतःहून करणार नाही. मागितल्याशिवाय पोर्ट उघडलं आणि काही झालं, तर मान आमची.

परळकर
आज मागितलं. आयटीने फॉर्म पाठवला. त्यात ‘व्यावसायिक कारण’ हा रकाना सक्तीचा आहे, रिकामा ठेवला तर पुढे जात नाही. काय लिहू? आई आता घरी आली आहे, पण दर आठवड्याला तपासणी आहेच.

पोर्टबंद
‘मजल्यावर मोबाईल कव्हरेज नाही, आपत्कालीन संपर्कासाठी’ असं लिहा. ‘वैयक्तिक’ हा शब्द कुठेही नको, फॉर्म तिथेच अडतो. दोन्ही पोर्टं लिहा. बोलणं ५०० वर सुरू होतं आणि राउटरमागून असेल तर लगेच ४५०० वर सरकतं. फक्त ५०० उघडून घेतलंत तर वायफाय कॉलिंग सुरूच होणार नाही आणि तुम्ही परत मला शिव्या द्याल. नाव मजल्याचं टाका, स्वतःचं नको. सोळावा मजला, पूर्व बाजू, असं.

फोर्टातला_जुना
म्हणजे कुलपाच्या बाजूने किल्ली कशी मागायची, ते हेडक्लार्कच शिकवतोय. आमच्या वेळी असा एक असता तर माझं बोट वाचलं असतं.