आजोबांनी बंगळुरूहून आणलेला विमानाचा पत्रा: ओळखावा कसा आणि जपावा कसा?

उद्यमनगर_कोल्हापूर:
नमस्कार. माझे आजोबा १९४०च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये फिटर होते आणि पुढे कोल्हापूरला परत येऊन त्यांनी उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप काढले. गेल्या महिन्यात घराचा माळा आवरताना त्यांनी तिकडून आणलेला एक पत्रा हाती लागला. तो हातभर लांब आणि दीड वीत रुंद असून त्याला किंचित गोलाई आहे. त्याची एक बाजू राखट चंदेरी आहे, तर दुसरीवर पिवळट हिरवा रंग आहे. कडेने रिव्हेटच्या दोन ओळी आहेत आणि आतल्या बाजूच्या पट्टीवर पंच केलेला आकडा ३२ ने सुरू होतो. पुढचे अंक झिजले आहेत. आजी उन्हाळ्यात या पत्र्यावर सांडगे वाळवत असे, त्यामुळे घरात तो ‘सांडग्याचा पत्रा’ म्हणूनच ओळखला जातो. हा कोणत्या विमानाचा असावा? बफिंग करून, आरशासारखा चकचकीत करून वर्कशॉपच्या भिंतीवर लावण्याचा माझा विचार आहे.

पुण्याचा_विमानप्रेमी:
सर्वप्रथम विनंती अशी की, ओळख पटेपर्यंत बफिंग मशीन त्याच्या जवळही आणू नका.

आपण दिलेल्या वर्णनावरून माझा पहिला तर्क लिबरेटर बॉम्बरकडे जातो. ते बनवणाऱ्या कन्सॉलिडेटेड या अमेरिकन कंपनीच्या हिशेबी हे विमान ‘मॉडेल ३२’ होते आणि त्याच्या सुट्या भागांचे क्रमांक बहुधा ३२ नेच सुरू होतात. आजोबांचा काळ आणि ठिकाणही त्याच्याशी जुळते. दुसरे महायुद्ध संपल्यावर, अमेरिकेने उधार-पट्ट्याने (लेंड-लीज योजनेत) दिलेली ब्रिटिश हवाई दलाची अनेक लिबरेटर विमाने कानपूरला पडून राहिली होती आणि ती पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून जाणूनबुजून मोडून ठेवण्यात आली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी तिथे जाऊन, एकाचे भाग दुसऱ्याला लावत, ती जेमतेम उडतील इतपत दुरुस्त केली. मग जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती बंगळुरूला आणली आणि तिथे त्यांची पूर्ण डागडुजी झाली. अशा प्रकारे चाळीसच्या आसपास विमाने भंगारातून उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन त्यांच्यावर उभी राहिली, पुढे सहावी स्क्वाड्रन पुण्यातून समुद्रावरच्या टेहळणीसाठी ती वापरू लागली, आणि १९६८ पर्यंत ही विमाने सेवेत होती. जगात अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बनली, पण आज शिल्लक राहिलेल्या मोजक्या विमानांपैकी बरीचशी भारतानेच वाचवलेली आहेत. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक आहे, तर ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतील संग्रहालयांना आपल्याकडून गेली. युद्धकाळातली विमाने जपण्याच्या कामात आपल्या कारागिरांचा एवढा वाटा असूनही त्यांची नावे फारशी कुठे लिहिलेली नाहीत, याची मला फार खंत वाटते.

मात्र केवळ ३२ वरून निष्कर्ष काढू नये. रिव्हेटचे डोके भिंगातून पाहा. मधोमध बारीक खळगी असेल, तर तो अमेरिकन पद्धतीचा ‘एडी’ रिव्हेट होय. हिरवट पिवळा रंग झिंक क्रोमेटचा प्रायमर, म्हणजे गंजरोधक पहिला थर, असण्याची शक्यता मोठी आहे.

शिरोलीची_भट्टी:
वरच्या उत्तराला धातूच्या बाजूने थोडी जोड देतो, कारण बफिंगचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्या काळचा विमानाचा पत्रा म्हणजे आपल्या भांड्यांचे ॲल्युमिनियम नव्हे. अमेरिकन ‘२४ एस-टी’ या मिश्रधातूत तांबे सुमारे साडेचार टक्के असते. त्यामुळे ताकद भरपूर येते, पण ओल्या हवेत तो लवकर खराब होतो. यावर उपाय म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवत असत आणि त्या पत्र्याला अल्क्लॅड म्हणत. हा थर केसापेक्षा जाड नसतो. बफिंगचे चाक दोनदा फिरले की तो निघून जातो, आणि पुढच्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा पडलेला धातू पापुद्रे सुटल्यासारखा फुगू लागतो. म्हणजे चकाकी आणण्याच्या नादात, पत्रा बनवणाऱ्याने दिलेले संरक्षणच आपण काढून टाकतो.

हेच तांबे भट्टीतही घात करते. कास्टिंगच्या एलएम ६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूमध्ये ते अगदी नाममात्रच चालते. म्हणून असा तुकडा भट्टीत नकळत पडला, तर वितळवलेला सगळा घाणा बिघडतो. मी स्वतः एकदा भंगारातून आलेला रिव्हेटचा पत्रा न पाहता भट्टीत टाकला होता. कास्टिंग नापास झाले ते झालेच, पण तो कशाचा तुकडा होता हे आता कधीच कळणार नाही, याचे दुःख अधिक आहे.

पत्रा साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने मऊ कापडाने पुसावा. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांतले काहीही लावू नये. हिरवा रंग खरवडू नये, कारण क्रोमेटची धूळ विषारी असते. याच कारणाने त्यावर यापुढे खाण्याची वस्तूही ठेवू नये. भिंतीवर लावताना लोखंडी स्क्रू थेट पत्र्याला टेकू देऊ नका. मध्ये नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर ओलाव्यात त्या जागीच पत्रा खाल्ला जाईल.

उद्यमनगर_कोल्हापूर:
दोघांचेही मनापासून आभार. बफिंगचा विचार सोडला आहे. काल रात्री दिवे मालवून, बॅटरी अगदी आडवी धरून चंदेरी बाजू पाहिली, तेव्हा आजवर डाग समजत होतो त्या ठिकाणी फिकट शाईतली अक्षरे ओळीने उमटलेली दिसली: ‘अल्क्लॅड २४ एस-टी’, आणि वितभर पुढे पुन्हा तेच. रिव्हेटच्या डोक्यांवर खळग्याही आहेत. एका कोपऱ्यात मात्र तळहाताएवढे ठिगळ आहे. त्याच्या कडा कानशीने घासून गोल केल्या आहेत, आणि तिथले रिव्हेट कारखान्यातल्या ओळीसारखे सरळ नसून थोडे मागेपुढे आहेत. हे ठिगळ बंगळुरूत लागले असावे का? ते आजोबांच्या हातचे असेल की नाही, हे सांगता येणार नाही, पण आमच्या वर्कशॉपमधली त्यांची कानस आजही अशीच कडा गोल करते. फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढून टाकतो.