द्रविडने बोनस कमी घेतला, त्याचं एवढं कौतुक कशाला?

सिडकोवाला
निवृत्त क्रिकेटपटूंचा विषय निघाला की नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या कट्ट्यावर द्रविडच्या बोनसची आरती सुरू होते. तो कोच असताना 2018 चा अंडर-19 विश्वचषक जिंकल्यावर बोर्डाने त्याला 50 लाख आणि सपोर्ट स्टाफला 20-20 लाख जाहीर केले. तो म्हणाला, सगळ्यांना सारखे द्या. शेवटी सगळ्यांना 25 मिळाले. 2024 च्या टी-20 विश्वचषकानंतरही पाच कोटींऐवजी इतर कोचइतकेच अडीच कोटी घेतले. छानच. पण रग्गड कमावलेल्या माणसाने काही सोडलं तर ती बातमी झाली, काम नव्हे.

त्याचं खरं काम वेगळंच. डिसेंबर 2015 मध्ये पतौडी व्याख्यानात त्याने वयचोरीवर तोफ डागली. चौदाव्या वर्षी आईबापच खोटा दाखला काढून देतात, तर तेच पोर मोठेपणी फिक्सिंगला नाही कसं म्हणेल, असा त्याचा रोख होता. 2016 मध्ये त्याच्याच सूचनेवरून बोर्डाने नियम केला: एका खेळाडूला एकच अंडर-19 विश्वचषक. दर खेपेला नव्या पोरांना जागा मिळायला लागली. हे कुठल्याही चेकपेक्षा मोठं दान आहे.

पंचवटीकर
सिडकोवाले, 20 चे 25 ज्यांचे झाले त्यांना विचारा बातमी की काम ते. मालिश करणारा, थ्रोडाऊन (सरावासाठी हाताने चेंडू) टाकून खांदा निखळेपर्यंत राबणारा, व्हिडिओवाला... कप उचलतानाच्या फोटोत हे कोपऱ्यात. पाच लाख त्यांना कमी नाहीत.

लेगस्पिनरची आई
तुमच्या एका विश्वचषकाच्या नियमात कोण भरडलं जातं माहितीये? ज्याची सतराव्या वर्षीच निवड होते तो. दोन वर्षांनी खेळ पिकलेला असतो, वयही बसतं, पण दार बंद. हुशार असल्याची शिक्षा!

सिडकोवाला
ताई, इतका हुशार असेल तर एकोणिसाव्या वर्षी त्याने रणजी खेळावी की. अंडर-19 हा जिना आहे, तिथे बिऱ्हाड थाटायचं नाही.

चांदवडचा
सगळं क्रिकेटच का पण? गोस्पोर्ट्स फाउंडेशन या संस्थेची द्रविडच्या नावाची मेंटॉरशिप योजना ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळाडूंसाठी आहे. क्रिकेटरने क्रिकेटबाहेर हात दिला, हे मला बोनसपेक्षा आणि नियमापेक्षा मोठं वाटतं. आमच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदून, फौजेत जाऊन, रोइंगमध्ये 2016 च्या रिओ ऑलिंपिकला पोचला. (टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यातला पोरगा होडी वल्हवतो, ही गंमत आम्हालाच कळते.) सावरपाड्याची कविता राऊत तर अनवाणी धावायची. अशांना हात वेळेवर मिळायला हवा, पदक आल्यावर हार घालायला गर्दी होतेच.

पंचवटीकर
हे पटलं. सचिननेही खासदार असताना डोंजा गाव दत्तक घेतलं होतं, पण ती खासदारांची योजना होती. द्रविडचं तसं नाही.

लेगस्पिनरची आई
वयचोरीबद्दल अजून एक. गोल्फ क्लबवर ओठावर मिशी फुटलेली ‘अंडर-14’ची पोरं माझ्या मुलीला बाउन्सर टाकतात. द्रविड बोलून मोकळा झाला. इथे जिल्ह्यात अडवणार कोण?

सिडकोवाला
मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतातच की आता.

चांदवडचा
अहो, पण आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला! गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली तारीख ती. त्यात चोरी कसली? एक्स-रेत पोरगा वर्षाने मोठा निघाला की तुम्ही त्याला फिक्सरच्या रांगेत उभं करणार. शहरातल्या बापाने क्लास लावून, पैसे मोजून काढलेला खोटा दाखला आणि आमची 1 जून एकाच मापाने मोजू नका, एवढंच म्हणणं आहे.

सिडकोवाला
मापं वेगळी, मान्य. पण तो वर्षाने मोठा पोरगा ज्याची जागा खातो, तोही चांदवडचाच असू शकतो ना भाऊ?